कच्ची भाजलेली मिश्री

"ही कच्ची भाजलीय," मी म्हणाले.

मुलाखतीच्या जाळीपलीकडे उभी असलेली बाई गोंधळली. तिने आत कैदेत असलेल्या बहिणीसाठी, ताराक्कासाठी, आणलेल्या पिशवीत एक लुगडं, खोबरेल तेलाची बाटली आणि पत्र्याची एक चपटी डबी होती. डबीत दातांना लावायची मिश्री. मी चिमटीत घेऊन पाहिली. तंबाखू तव्यावर पार जळेस्तोवर भाजली की मिश्री कशी काळीकुळकुळीत होते. ही आपली राखाडी, मळकट.

"तवा नीट तापू द्यावा," मी तिला शिकवलं. "घाई करायची नाही. धूर सरला की मगच उतरवायची. आमची आई तासभर चुलीपुढून हलायची नाही."

"व्हय बाई," ती खाली बघत म्हणाली. "फुडल्या खेपंला नीट भाजते."

मी शिकवलं म्हणून तिचं तोंड उतरलं असेल, असं मला वाटलं. डबी मी पिशवीत परत टाकली आणि पिशवी आत नेली. पंधरा दिवसांनी ती पुन्हा आली तेव्हाही मिश्री राखाडीच होती. हिच्या हाताला वळण नाही, असा निकाल मी देऊन टाकला.

या गोष्टीला सतरा-अठरा वर्षं झाली. मी तेव्हा जिल्हा कारागृहाच्या महिला विभागात शिपाई होते. नवरा ट्रकच्या अपघातात गेलेला, थोरली मुलगी नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला, धाकटी शाळेत. घर त्या एका खाकी साडीवर चाललं होतं, आणि रात्री मला झोप नसायची, ते बायकांनाही माझ्या डोळ्यांवरून दिसायचं. नियमाने तंबाखूचा कणही आत जाता कामा नये. पण म्हाताऱ्या बायकांची मिश्री बंद केली की त्यांचं डोकं धरतं, पोट साफ होत नाही, आणि मग सगळी बराक तो त्रास भोगते. म्हणून मिश्रीकडे आम्ही काणाडोळा करायचो. माझा काणाडोळा जरा जास्तच होता. माझ्या आईच्या हिरड्या काळ्या होत्या, आणि ताराक्काच्याही. ताराक्का हसली की मला आई दिसायची. आता तीन वर्षं कोर्टाच्या तारखा बघत बसलेल्या, सून जाळल्याचा आरोप असलेल्या बाईत आई दिसावी, हे काही बरं लक्षण नव्हे. पण दिसायची, त्याला मी काय करणार?

बराकीत सतरा बायका होत्या. पाण्याच्या नळावरून त्यांची रोज जुंपायची. त्यात सगळ्यांत तोंडाळ वैजयंता. वय सव्वीस, धुणीभांडी करायची त्या घरातलं सोनं चोरल्याचा आरोप. सोनं नवऱ्याने पळवलं आणि नवराही पळाला, ही मागे राहिली. तिची सात वर्षांची मुलगी प्रतीक्षा आजीबरोबर दर दुसऱ्या गुरुवारी भेटायला यायची. त्या दिवशी वैजयंता पहाटेपासून वेणीफणी करून बसायची आणि उरलेल्या तेरा दिवसांत मला भंडावून सोडायची. डाळ पातळ का, पंखा बंद का, वकील कुठे मेला.

एके दिवशी माझ्या लक्षात आलं, की बराकीत आवाज नाही.

कधीपासून नव्हता ते सांगता येणार नाही. आवाज सुरू झालेला कळतो, थांबलेला कळत नाही. नळावर बायका एकमेकींना वाट देत होत्या. दुपारी सगळ्या गाढ झोपत. आमच्या तुरुंगाधिकारी मोहितेमॅडम पाहणीला आल्या तेव्हा खूश झाल्या. "खराडे, काय जादू केलीत? पुरुषांच्या बराकीत रोज डोकी फुटतात आणि तुमच्याकडे कशी देवळासारखी शांतता." त्यांनी वर शिफारस पाठवली आणि मला प्रशस्तिपत्रक आलं. मी ते काच लावून घरी टांगलं.

पण काहीतरी वावगं वाटत होतं. बायका जांभया देत. ताटातली आमटी सांडून ठेवत आणि सांडली हेही त्यांना कळत नसे. एकीला तिची कोर्टाची तारीख आठवेना. चालताना पाय घासत. मी मनात सगळं धरून पाहिलं. उन्हाळा आहे, रक्त कमी आहे, देवीचे उपास चालू आहेत. दारू म्हणावं तर वास नाही. गांजा म्हणावं तर धूर नाही. दोनदा गाद्या उलटवून झडती घेतली. हाती लागल्या दोन सुया, एक आरशाची काच आणि ताराक्काची डबी. डबी मी तिच्या हातात परत दिली.

मग तो गुरुवार आला. प्रतीक्षा जाळीला नाक लावून आईला सांगत होती, की शाळेत तिचा धावण्यात दुसरा नंबर आला. वैजयंता हसत होती. नुसतीच हसत होती. पोर बोलत राहिली आणि बोलता बोलता वैजयंताची मान एका बाजूला कलंडली, डोळे मिटले.

"आई," पोरीने हाक मारली. "आई, झोपली का गं?"

वैजयंता दचकून जागी झाली आणि म्हणाली, "व्हय, व्हय. किती मार्क पडलं म्हनलीस?"

 आजीने पोरीला मागे ओढून घेतलं आणि माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच तिच्या लेकीला काहीतरी चारलंय.  शुक्रवारी डॉक्टर आल्याच नाहीत; मंगळवारी आल्या तेव्हा मी वैजयंताला पुढे केलं. डॉ. अणावकर आमच्याकडे मंगळवारी आणि शुक्रवारी यायच्या, तासाभरात शंभर कैदी तपासायच्या. त्यांनी तिच्या डोळ्यांच्या पापण्या ओढून पाहिल्या, रक्त कमी आहे म्हणाल्या आणि लोहाच्या गोळ्या दिल्या. माझा जीव भांड्यात पडला. चला, रक्तच कमी होतं तर.

दुसऱ्या दिवशी, बुधवारी, माझी दाढ ठणकायला लागली. सकाळपासून अर्धं तोंड बधिर. पावणेबाराच्या सुमाराला मी बराकीच्या दाराशी स्टुलावर गाल धरून बसले होते. बाराला बंदी करायची, म्हणजे बायकांना आत घेऊन तीनपर्यंत कुलूप लावायचं. किल्ल्यांचा जुडगा मांडीवर होता.

ताराक्का जवळ आली. "दाढ का बाई? मिश्री लावा की जरा. लगीच उतार पडतोय."

आमच्या घरी दाढेवर दुसरं औषध नव्हतंच. आई बोटावर मिश्री घेऊन आमच्या तोंडात घालायची. मी डबी घेतली. ताराक्का म्हणाली, "लई नगं. उलीशी." मला वाटलं, म्हातारी डबी संपेल म्हणून जीव धरतेय. मी चांगली दोन बोटं घेतली आणि दाढेवर रगडली. चव कडू होती, पण मिश्रीची कडू नव्हे. ठणका खरंच कमी झाला. भिंतीला डोकं टेकलं. आता उठते आणि बंदी करते, असं मी मनाशी म्हणाले, ते मला अजून आठवतं.

डोळे उघडले तेव्हा ऊन भिंतीवरून सरकून अंगणाच्या मध्यावर आलं होतं. घड्याळात दोन वाजून दहा मिनिटं. बराकीचं दार सताड उघडं. आणि सतरा बायका अंगणात, ओसरीत, जिथे होत्या तिथे गप्प बसलेल्या, माझ्याकडे बघत. माझ्या मांडीवर किल्ल्या नव्हत्या.



"हित हाईत," ताराक्का म्हणाली. ती माझ्या पायाशी जमिनीवर बसली होती आणि जुडगा तिच्या मांडीवर होता. त्यात आतल्या आवाराच्या दाराची किल्लीसुद्धा होती. "पडाय लागल्या हुत्या. म्हनून धरल्या."

मी जुडगा हिसकावून घेतला. जीभ जड झाली होती, शब्द अडखळत होते. माझ्या स्वतःच्या तोंडून मला वैजयंताचा आवाज ऐकू आला. आणि मग एकदम सगळं डोळ्यांपुढे आलं. जांभया, सांडलेली आमटी, घासणारे पाय, जाळीपाशी कलंडलेली मान.

"काय आहे या डबीत?" मी तिला बाजूला घेऊन विचारलं.

"झोप हाय बाई," ती म्हणाली. जणू साखर आहे म्हणावं तसं. "सून गेली त्या टायमाला डागदरानं गोळ्या दिल्या हुत्या. हितं आले आन बंद झाल्या. डोळ्याला डोळा लागंना. शेवटी तीन म्हैन्यांमागं भनीला म्हनलं, वाटून घाल मिश्रीत."

"आणि या बाकीच्या?"

"पोरी रडायच्या वो. ती वैजंता तर उशी चावायची, लेकरापायी. मी म्हनलं, घे चिमूटभर. मग दुसरी आली, तिसरी आली. न्हाई कसं म्हनायचं?"

मला राग आला, पण कुणाचा ते कळेना. तिचा, तिच्या बहिणीचा, की माझा? डबी तीन महिने माझ्या हातातून आत गेली होती. कच्ची भाजलीय म्हणून मीच तिच्या बहिणीला तवा तापवायला शिकवत होते. आणि आज ड्युटीवर सव्वादोन तास मी झोपले होते, किल्ल्या कैद्याच्या मांडीवर. हे वर कळलं तर नोकरी जाणार, नर्सिंगचं वर्ष जाणार. कुणाला सांगणार होते मी?

मी डबी संडासात रिकामी केली, वर दोन बादल्या पाणी ओतलं. डबी चेपून कचऱ्यात टाकली. "आजपासून बंद," मी ताराक्काला बजावलं. "बहिणीलाही सांगून टाक. आणि हे तोंडातून बाहेर पडलं, तर तूही गेलीस आणि मीही."

ताराक्काने माझा हात धरला. कैद्याने शिपायाच्या अंगाला हात लावायचा नसतो, पण तिने धरला. "एकदम बंद करू नगा बाई. कमी कमी करू. मी सोडून बघितलीय एकदा, एकदम सुटली की लई वंगाळ हुतंय."

सगळे व्यसनी असंच म्हणतात, मी मनात म्हटलं. माझ्या सासऱ्यांची दारू याच हिशेबाने कमी कमी होत चितेवर गेली. मी हात झटकला.

गुरुवारी बराकीत आवाज परत आला. नळावर बादल्या आपटल्या, दोघींनी एकमेकींच्या झिंज्या धरल्या. कुणाला उलट्या झाल्या. रात्रपाळीची शिपाई म्हणाली, कुणी झोपलंच नाही. आणि मला, सांगायला लाज वाटते, बरं वाटलं. बायका ताळ्यावर आल्या, असं वाटलं. वैजयंता माझ्याशी भांडली. तिच्या हातातला पेला लटलटत होता आणि भिंतीवर मुंग्या चढताहेत म्हणून ती भिंत पुसत होती. भिंतीवर मुंग्या नव्हत्या. मी तेही पाहिलं आणि सोडून दिलं. चार दिवसांत उतरेल, म्हटलं.

शुक्रवारी सकाळी साडेदहाला वैजयंता नळापाशी उभी होती ती ताठ झाली आणि मागच्या मागे पडली. डोकं दगडावर आपटलं. हातपाय झाडायला लागली, तोंडाला फेस, डोळे पांढरे. डॉ. अणावकर तेवढ्यात दवाखान्यात येऊन बसल्या होत्या, त्या धावत आल्या. मागोमाग मोहितेमॅडम. डॉक्टरांनी तिला कुशीवर वळवलं, झटका थांबेपर्यंत डोकं धरून ठेवलं.

"हिला फिट येते का?"

"न्हाई," बायका म्हणाल्या.

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. "ही काही घेत होती? गोळ्या, नशा, काहीही?"

"नाही," मी म्हणाले.

किती सहज आलं ते तोंडातून. त्याच्यामागे मला काच लावलेलं प्रशस्तिपत्रक दिसत होतं, मुलीचा पांढरा गणवेश दिसत होता.

"डोकं फुटलंय म्हणून झटका आला, की झटका आला म्हणून डोकं फुटलं, हे मला कळलं पाहिजे," डॉक्टर म्हणाल्या. "दोन्हीची औषधं वेगळी." त्यांचं वाक्य पुरं होतंय तोच वैजयंताला दुसरा झटका आला. या वेळी तिचे ओठ निळे पडले. अंगणात तिच्या टाचा जमिनीवर आपटत होत्या, तेवढाच आवाज.

डॉक्टरांनी मान वर करून बाकीच्या बायकांकडे पाहिलं. ओसरीत बसलेल्या एकीच्या हातांना कंप होता, दुसरी घामाने भिजली होती. "अजून कोण?" त्यांनी विचारलं. "हिने जे घेतलं, ते अजून कुणी घेतलंय? सांगा, नाहीतर संध्याकाळपर्यंत अजून कुणीतरी अशीच पडेल."

कुणी बोलेना. कशाला बोलतील? बोलणारीला वेगळी कोठडी, मुलाखत बंद, वर नवीन गुन्हा. पण त्या डॉक्टरांकडे बघत नव्हत्या आणि मोहितेमॅडमकडेही नाही. सगळ्याच्या सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. बुधवारी मी झोपले होते हे सतराजणींना ठाऊक होतं, आणि दोन दिवसांत एकीनेही तोंडातून ब्र काढला नव्हता. त्या मला सांभाळत होत्या. मी बोलले नाही तर त्याही बोलणार नव्हत्या, आणि त्यातली एखादी मेली असती तरी बोलली नसती.

"झोपेच्या गोळ्या," मी म्हणाले. "मिश्रीत वाटून घातलेल्या. तीन महिने. डबी मीच आत सोडत होते. बुधवारी मी ती फेकून दिली."

"एकदम?" डॉक्टर ओरडल्या नाहीत. त्यांनी पेटीतून इंजेक्शन काढलं. "त्यानेच झटके येताहेत. अजून कोण घेत होतं?"

 मोहितेमॅडम माझ्याकडे बघतच राहिल्या होत्या. मी हात वर केला. शाळेत करतात तसा, कोपर ताठ करून.

"मी घेतली होती," मी म्हणाले. "एकदाच. ड्युटीवर झोप लागली."

आधी ताराक्काचा हात वर गेला. मग घामाने भिजलेलीचा. मग ओसरीतून तीन, बराकीच्या दारातून चार. कंप सुटलेले हात वर धरताना आणखीच थरथरत होते. डॉक्टर इंजेक्शन देता देता मोजत होत्या.

"वैजयंता धरून अकरा," त्या म्हणाल्या. "सगळ्यांना आजच औषध सुरू करायचं. थोडं थोडं कमी करत बंद करायचं, एकदम नाही."

मोहितेमॅडमनी नजर फिरवून पुन्हा मोजलं. "दहाच कैदी आहेत, डॉक्टर."

"अकरा," डॉक्टर म्हणाल्या. "तुमच्या शिपाईबाईंचा हात अजून वर आहे."

खरंच होता. खाली घ्यायचं मला सुचलंच नव्हतं. रोज सकाळ-संध्याकाळ मी त्यांची मोजणी करायचे. त्या दिवशी त्यांच्यात धरून मला कुणीतरी मोजलं.

वैजयंता वाचली. नवव्या दिवशी सिव्हिलमधून परत आली, डोक्याला सात टाके. पुढे सहा आठवडे डॉक्टर बराकीतल्या बायकांना त्याच जातीच्या गोळ्या मोजून देत होत्या, दर आठवड्याला जराशा कमी. ताराक्का म्हणाली होती अगदी तसंच. हे मला नंतर कळलं, कारण मी तिथे नव्हते. मी निलंबित झाले. चौदा महिने घरी बसले, दोन वेतनवाढी गेल्या, मग दुसऱ्या जिल्ह्यात हजर झाले. मुलीचं नर्सिंग कसंबसं पुरं झालं. चौकशीत मी सगळं लिहून दिलं. डबी, दाढ, झोप. एकच गोष्ट लिहिली नाही, की त्या सव्वादोन तासांत किल्ल्या कुठे होत्या. मांडीवर होत्या, एवढंच लिहिलं. कुणाच्या ते लिहिलं नाही. सतराजणींच्या जबानीतही ते आलं नाही.

त्या शुक्रवारी जुडगा मोहितेमॅडमच्या हाती देण्याआधी मी बराकीच्या गजापाशी गेले होते. ताराक्का आत बसली होती, दोन्ही हात काखेत दाबून, कंप दिसू नये म्हणून. मला तिला शिव्या घालायच्या होत्या की पाया पडायचं होतं, मलाच ठरवता येत नव्हतं.

"एक सांग," मी म्हणाले. "किल्ल्या तुझ्याकडे होत्या. दार उघडं होतं. आवाराची किल्लीसुद्धा त्यातच. तू जागची हलली का नाहीस?"

 तीन वर्षं ती मला अहो-जाहो करायची. त्या दिवशी पहिल्यांदा तिने मला एकेरीत हाक मारली.

"तू किती दिसांनी झोपली हुतीस, पोरी," ती म्हणाली. "मी उठले आस्ते तर किल्ल्या वाजल्या आस्त्या."